पीएलसीचा ऑनलाइन कोर्स: बघताना सगळं कळतं, लिहायला बसलं की कोरं. लक्ष कसं टिकवायचं?

वाळूजचा_वायरमन

नमस्कार मंडळी,

वाळूज एमआयडीसीत गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत मी मेंटेनन्सला आहे. आयटीआय इलेक्ट्रिशियन. पॅनल वायरिंग, कॉन्टॅक्टर, ओव्हरलोड रिले यावर हात बसलाय. स्टार-डेल्टाचं कंट्रोल सर्किट झोपेतून उठवून विचारलं तरी काढून दाखवीन. पण आता लाईनवर येणाऱ्या प्रत्येक नव्या मशीनमध्ये पीएलसी (मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) असतो. मशीन थांबलं की आम्ही सप्लाय बघतो, फ्यूज बघतो, सेन्सरचा दिवा लागतोय का बघतो. त्यापुढे कोणी "प्रोग्रॅममध्ये बघावं लागेल" म्हटलं की आमचं काम संपतं. बाहेरून इंजिनियर लॅपटॉप घेऊन येईपर्यंत लाईन बंद आणि सुपरवायझर डोक्यावर उभा.

म्हणून पीएलसी शिकायचं मनावर घेतलं. शहरात क्लास आहेत, पण शिफ्ट दर आठवड्याला बदलते, ठराविक वेळ जमत नाही. मग सेल लागला होता तेव्हा एक ऑनलाइन कोर्स घेतला. शिकवणारा माणूस चांगला आहे, इंग्रजी सोपं बोलतो. तरी गाडी पुढे जात नाही.

होतं असं. व्हिडिओ लावला की पहिली काही मिनिटं मस्त जातात. हा कॉन्टॅक्ट, ही कॉईल, हा टायमर, सगळं ओळखीचं वाटतं. मग "हे तर येतंच आपल्याला" असं वाटून स्पीड वाढवतो. थोड्या वेळाने डोळे मिटायला लागतात, नाहीतर हात मोबाईलकडे जातो. मोबाईल बंदही ठेवता येत नाही, ब्रेकडाऊनचे मेसेज कंपनीच्या ग्रुपवरच येतात. यूट्यूबवर एखादी शंका बघायला जावं तर बाजूला "जर्मनीत इलेक्ट्रिशियनला पगार किती" दिसतं, आणि मी पीएलसी सोडून जर्मनीला पोचतो. दुसऱ्या दिवशी कोरी स्क्रीन उघडून साधं स्टार्ट-स्टॉप लिहायला बसलो तर कुठून सुरू करायचं तेच सुचत नाही. मग परत तोच व्हिडिओ. मध्येच वाटतं आधी स्काडा (सगळी मशीन एका स्क्रीनवर बघायचं सॉफ्टवेअर) शिकावं, कोणी म्हणतं पायथन शिक, आणि नवा कोर्स घेऊन ठेवतो.

घर दोन खोल्यांचं. एका खोलीत मुलीचा अभ्यास, दुसरीत आईची मालिका. लॅपटॉप जुना, चार जीबी रॅमचा. कोर्समध्ये जे सॉफ्टवेअर वापरलंय ते त्याच्यावर चढतच नाही, त्यामुळे मी नुसता बघ्या.

फिरत्या शिफ्टमध्ये कोणी असं काही शिकलंय का? लक्ष लागण्यासाठी नेमकं काय केलंत? की माझ्यासारख्याने ऑनलाइनचा नाद सोडून क्लासच लावावा? "मन लावून करा" सोडून काहीही सांगा.

---

टकमक

मोबाईल दुसऱ्या खोलीत. पोमोडोरो करा, २५ मिनिटं अभ्यास आणि ५ मिनिटं सुट्टी. यूट्यूबची वॉच हिस्टरी पुसून बंद केली की होमपेज कोरं होतं, निदान तिथली जर्मनी बंद. शुभेच्छा.

---

वाळूजचा_वायरमन

टकमक, हिस्टरीचं माहीत नव्हतं, आत्ताच बंद केली. पोमोडोरो करून पाहिलं. पंचवीस मिनिटं बसतो हो, प्रश्न बसण्याचा नाहीच. बसून त्या पंचवीस मिनिटांत डोक्यात काही जात नाही. आणि दुसऱ्या खोलीत मोबाईल ठेवला की आई मालिका सोडून "अरे, फोन वाजतोय" म्हणत घेऊन येते.

---

कोर्सवाली_मीरा

माझं काम ऑनलाइन कोर्स तयार करण्याचं आहे, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहिते.

तुम्ही एकटे नाही. एमआयटी आणि हार्वर्डच्या खुल्या ऑनलाइन कोर्सेसचा एक अभ्यास २०१९ मध्ये 'सायन्स'मध्ये आला होता. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवलेल्यांपैकी ३.१३ टक्के लोकांनीच कोर्स पूर्ण केला. पैसे भरून प्रमाणपत्राच्या मार्गाने गेलेल्यांत हे प्रमाण ४६ टक्के होतं. त्यावरून लगेच "पैसे भरले की लक्ष लागतं" असं म्हणतात, ते मला पटत नाही. ज्यांचं आधीच ठरलेलं असतं तेच पैसे भरतात, असंही असू शकतं ना. तुम्हीही पैसे भरलेच आहेत.

व्हिडिओचं म्हणाल, तर २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरच्या ६९ लाख व्हिडिओ-सत्रांची पाहणी झाली. व्हिडिओ कितीही लांब असो, लोक साधारण सहा मिनिटांपर्यंतच टिकतात असं त्यात दिसलं. म्हणजे तुमची पहिली मिनिटं मस्त जातात आणि मग झोप येते, हा तुमचा स्वभावदोष नाही. लांबलचक व्हिडिओ बनवणारे आम्हीच सुधारायला हवं.

तुमच्या पोस्टमध्ये मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते "ओळखीचं वाटतं" हे. ओळखीचं वाटणं आणि आपलं आपल्याला आठवणं यात फार अंतर आहे. रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग आहे. एका गटाने उतारा पुन्हा वाचला. दुसऱ्याने तो मिटून जे आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तर लिहून काढणारे पुढे! तुम्ही तोच व्हिडिओ परत लावता तेव्हा पहिल्या गटात बसता. व्हिडिओ बंद करा, शेवटी पाहिलेली शिडी (म्हणजे लॅडर, शिडीसारखा दिसणारा पीएलसीचा प्रोग्रॅम) कागदावर काढा, अडेल तिथे प्रश्नचिन्ह टाका आणि फक्त त्या प्रश्नचिन्हासाठी व्हिडिओ परत उघडा.

---

स्वाती_पॅनलवाली

मीराताईंचं बरोबर आहे, पण पीएलसीच्या माणसाला याहून सोपी वाट आहे. (भोसरीत कंट्रोल पॅनल बनवण्याचं काम करते. मीही डिप्लोमानंतर हे असंच इकडून तिकडून शिकले.)

दादा, तुम्हाला झोप येते कारण तो कोर्स तुमच्यासाठी नाहीच. कॉन्टॅक्टर म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही, अशा कॉम्प्युटरवाल्या पोरासाठी तो बनवलाय. निम्मा वेळ तो तुम्हाला तुमचंच काम समजावून सांगतोय! लॅडर ही भाषा तुमच्यासारख्यांसाठीच आली. १९६८ च्या सुमारास अमेरिकेत जनरल मोटर्सला रिलेंनी भरलेली कपाटं काढून टाकायची होती. तिथून पीएलसी निघाला, आणि इलेक्ट्रिशियनला वाचता यावं म्हणून प्रोग्रॅम रिलेच्या सर्किटसारखा दिसेल असा ठेवला. त्यामुळे तुम्ही व्हिडिओच्या मागून जाऊ नका, तुमच्या सर्किटच्या पुढून या.

सॉफ्टवेअरचं आधी मिटवू. कोडेसिस नावाचं आहे, फुकट उतरवता येतं, विंडोजवर चालतं. चार जीबीवर रडतखडत का होईना चालावं, बाकी सगळं बंद ठेवा. स्टँडर्ड प्रोजेक्ट घ्या, भाषा लॅडर निवडा आणि ऑनलाइन मेन्यूत सिम्युलेशनवर टिक करा. हार्डवेअर लागत नाही. तुमच्या कंपनीत दुसरा ब्रँड असेल तरी काळजी नको. पीएलसीच्या भाषांचं आयईसी ६११३१-३ हे स्टँडर्ड १९९३ पासून आहे, ऑन-डिले टायमर आणि काउंटर सगळीकडे जवळपास तसेच वागतात. बटनं वेगळ्या जागी असतात, एवढंच.

आता पहिलं काम. डीओएल (मोटर थेट पूर्ण सप्लायवर सुरू करणाऱ्या) स्टार्टरचं कंट्रोल सर्किट कागदावर काढा. ते कागद ९० अंशात फिरवून लॅडरमध्ये उतरवा: स्टार्ट, त्याला समांतर होल्डिंग कॉन्टॅक्ट (स्टार्ट सोडल्यावरही मोटर चालू ठेवणारा), स्टॉप, ओव्हरलोड, कॉईल. सिम्युलेशनमध्ये इनपुट पॅनलला जोडल्यावर जसे असतील तसे ठेवा आणि स्टार्ट द्या. मोटर चालू होणार नाही. का नाही ते शोधा. उत्तर मी सांगत नाही, सांगितलं तर तुम्ही परत प्रेक्षक व्हाल. फक्त एवढंच सांगते की स्टॉपचं बटन पॅनलला कसं जोडता ते आठवा, एनओ (एरवी उघडं) की एनसी (एरवी जुळलेलं)?

ते सुटलं की फॉरवर्ड-रिव्हर्स इंटरलॉकसह, मग स्टार-डेल्टा, मग खालच्या टाकीतून वरच्या टाकीत पाणी चढवणारा पंप, दोन फ्लोट (पाण्याची पातळी कळवणारे स्विच) आणि ऑटो-मॅन्युअल सिलेक्टर घेऊन. हे सगळं तुम्ही वायरने केलेलं आहे. व्हिडिओ फक्त अडल्यावर बघायचा. स्काडा आणि पायथन कपाटात ठेवा, पंप चालेपर्यंत काढू नका.

---

फोरमनकाका

स्वातीने लिहिले ते योग्यच. मी शिफ्टबद्दल लिहितो. नोकरीची सगळी वर्षे शिफ्टमध्ये गेली.

नाईटच्या आठवड्यात अभ्यास करू नये. सकाळी घरी येऊन कोर्स लावणारे बरेच पाहिले, आठवडाभर टिकतात आणि मग कोर्सही जातो व झोपही. नाईटला फक्त कागद जवळ ठेवावा. मशीन चालताना पाहावे, कोणता सेन्सर लागल्यावर कोणता सिलिंडर पुढे जातो, हे क्रमाने लिहून काढावे. तोच पुढे तुमचा प्रोग्रॅम असतो. सेकंड शिफ्टचा आठवडा सर्वांत चांगला. मुलगी शाळेत, घर शांत, सकाळचे डोके ताजे. नवीन जे काही असेल ते त्या आठवड्यात करावे. फर्स्टच्या आठवड्यात संध्याकाळी घरात गोंधळ असतो, तेव्हा नवीन काही घेऊ नये, केलेलेच पुन्हा करावे.

ग्रुपच्या मेसेजचे: ब्रेकडाऊन असेल तर माणूस फोन करतोच. ग्रुप म्यूट करा, कॉल चालू ठेवा. शिफ्ट इनचार्जला तसे सांगून ठेवा. आणि आईंना रागावू नका, फोन त्यांच्याच हातात द्या, "फक्त कंपनीचा आला तर बोलवा" म्हणून.

दुसरे, आणि हे नीट वाचा. बऱ्याच पॅनलमध्ये दाराच्या आत लॅडरची प्रिंट ठेवलेली असते. ती मागून घ्या आणि परवानगी घेऊन फोटो काढा. आपल्याच मशीनची लॅडर वाचताना झोप येत नाही, करून पाहा. मात्र शिकण्यासाठी चालू मशीनला लॅपटॉप जोडायचा नाही. इंजिनियर आला की त्याच्या शेजारी उभे राहून बघा, विचारा. एखादा आउटपुट फोर्स केला (प्रोग्रॅमला डावलून लॅपटॉपवरून चालू केला) आणि आत कोणाचा हात असला तर काय होते, ते मला लिहायला लावू नका.

---

सातवा_मजला

क्लास लावा सरळ. ऑनलाइनने कोणी शिकत नाही. समोर मास्तर असल्याशिवाय आपल्या लोकांचं लक्ष लागत नाही.

---

स्वाती_पॅनलवाली

@सातवा_मजला, मग मी काय शिकले नाही का? :) क्लासचा फायदा आहे, खरं पीएलसीचं किट हाताळायला मिळतं. पण वायरिंग येणाऱ्या माणसाने आधी सिम्युलेटरवर हात बसवून मग किटसाठी थोडे दिवस क्लास केला तर पैसे वसूल होतात. उलट केलं तर क्लासमध्येही तो प्रेक्षकच राहतो.

---

परीक्षार्थी

तारीख डोक्यावर असल्याशिवाय ज्यांचं काही होत नाही (म्हणजे मी), त्यांच्यासाठी एनपीटेल, म्हणजे आयआयटीवाल्यांचे ऑनलाइन कोर्स. आयआयटी खरगपूरचा 'इंडस्ट्रियल ऑटोमेशन अँड कंट्रोल' आहे, बारा आठवड्यांचा. नोंदणी फुकट, दर आठवड्याला असाइनमेंट आणि तिची शेवटची तारीख. बारापैकी उत्तम आठ असाइनमेंटचे २५ टक्के धरतात, ७५ टक्के केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचे. परीक्षेला बसायचं तरच फी. चार आठवडे बुडाले तरी चालतात, म्हणजे तुमच्या नाईटच्या आठवड्यांची सोय झाली समजा. एनपीटेलवर काही कोर्सेसचं लिखित रूप मराठीतही मिळतं, या कोर्सचं आहे का ते पाहून घ्या.

एक इशारा: गणित आणि थिअरी बरीच आहे, पीएलसी त्यातला एक भाग. स्वातीताईंचा पंप झाल्यावर घ्या.

---

वाळूजचा_वायरमन

सगळ्यांचे आभार. सेकंड शिफ्टचा आठवडा होता म्हणून काकांनी सांगितल्याप्रमाणे सकाळी बसलो.

स्वातीताई, मोटर चालू होईना तेव्हा आधी सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या. मग डोक्यात ट्यूब पेटली. पॅनलला स्टॉपचं बटन एनसी जोडतो, म्हणजे बटन न दाबता पीएलसीच्या इनपुटला सप्लाय असतोच. सिम्युलेटरमध्ये तो इनपुट मुळात शून्य असतो, म्हणजे कोणीतरी स्टॉप दाबून धरल्यासारखं, म्हणून तो आधी एक करून ठेवला होता. पण लॅडरमध्ये मी सवयीने एनसी कॉन्टॅक्ट टाकला होता, तो इनपुट एक असला की उघडतो, तिथे एनओ हवा. ओव्हरलोडचंही तेच. दोन्ही नीट केलं आणि मोटर चालू झाली. वायर तुटली तर मोटर बंद पडावी म्हणून फील्डला एनसी, हे आयटीआयपासून माहीत होतं, पण प्रोग्रॅममध्ये त्याचं काय होतं ते कोर्सचा तो भाग दोनदा बघूनही डोक्यात शिरलं नव्हतं. या सगळ्यात जेवायला हाक आली तीही ऐकली नाही म्हणे.

फर्स्ट शिफ्टचा आठवडा मात्र वाया गेला, खोटं कशाला सांगू. संध्याकाळी लॅपटॉप उघडला की मुलगी गणित घेऊन येते. आता तिच्या शेजारीच वही घेऊन बसतो, ती तिचं करते, मी शिडी काढतो. लॅपटॉप नाही, फक्त कागद. बरं चाललंय.

प्रिंटचे फोटो काढायला इनचार्जने हो म्हटलं. पहिलं पान वाचून झालं, दुसऱ्यावर अडकलोय.

आता पंपावर अडलोय, सांगाल का? मॅन्युअलसाठी एक रंग (rung, म्हणजे शिडीची एक पायरी) लिहिला: सिलेक्टर मॅन्युअल, स्टार्ट आणि होल्डिंग, स्टॉप, पंपाची कॉईल. खाली ऑटोसाठी दुसरा: सिलेक्टर ऑटो, फ्लोट, पंपाची कॉईल. ऑटोमध्ये पंप छान चालतो. मॅन्युअलमध्ये स्टार्ट दिला की काहीच होत नाही. यावेळी स्टॉपचा इनपुट तपासला, एक आहे. प्रोग्रॅम एररही दाखवत नाही. पॅनलमध्ये असंच समांतर जोडलं असतं तर चाललं असतं.

---

स्वाती_पॅनलवाली

पॅनलमध्ये चाललं असतं, बरोबर. तिथे दोन्हीकडून एकाच कॉईलला सप्लाय येतो, एकीकडून नसला तरी दुसरीकडून मिळतो. पीएलसी तसा चालत नाही. तो आधी सगळे इनपुट वाचतो, मग प्रोग्रॅम वरून खाली एकेक रंग सोडवत जातो आणि शेवटी आउटपुट बाहेर देतो. तुमच्या पहिल्या रंगने पंप एक केला. दुसऱ्या रंगमध्ये सिलेक्टर ऑटोवर नाही, म्हणून त्याने तोच पंप शून्य केला. बाहेर गेलं ते शेवटचं उत्तर, शून्य. ऑटोचा रंग खाली आहे म्हणून ऑटो चालतं. रंगांची अदलाबदल करून बघा, मग मॅन्युअल निदान स्टार्ट दाबून धरलं तोवर चालेल आणि ऑटो बसेल.

याला डबल कॉईल म्हणतात. एक आउटपुट, एकच कॉईल. दोन अंतर्गत बिट घ्या, मॅन्युअल_रन आणि ऑटो_रन. पहिल्या रंगची कॉईल मॅन्युअल_रन, दुसऱ्याची ऑटो_रन. तिसऱ्या रंगमध्ये ही दोन समांतर, पुढे ओव्हरलोड आणि मग पंप. मॅन्युअलचा होल्डिंग कॉन्टॅक्टही मॅन्युअल_रनचाच घ्या, पंपाचा नको, नाहीतर ऑटोवर चालणारा पंप सिलेक्टर फिरवल्यावर स्टार्ट न दाबता चालूच राहू शकतो.

आणि ऑटोला फ्लोट एकच दिसतोय. दोन घ्या म्हटलं होतं. एकावर चालवलात तर पाणी हललं की पंप चालू-बंद होत बसेल.

---

फोरमनकाका

प्रिंटच्या दुसऱ्या पानावर काय अडले तेही टाका. मशीनचे व कंपनीचे नाव झाकून.